पाठीचं माप

शनिवारी दुपारी शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला, तेव्हा दुकानात आम्ही तिघंच होतो. हे मशीनवर, मी चिठ्ठ्यांच्या डब्यापाशी आणि खिडकीत काजवाली.

"मोठ्या बाई उद्या सकाळी दहाला येणारेत," शिपाई म्हणाला. "म्हणाल्या, त्या कोटाला ज्यांचे ज्यांचे हात लागले ते सगळे हजर असू देत. अगदी सगळे."

"काय झालं? बटण तुटलं का?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक, वहिनी. पण बाईंचा चेहरा असा होता, की वर्गातला फळासुद्धा उभा राहिला असता. तो तसा उभाच असतो म्हणा."

तो हसत हसत गेला. मी नाही हसले. मला त्याच क्षणी कळलं होतं काय झालंय ते. बोटांच्या टोकांना कळतं आधी, डोक्याला मागाहून.

आमच्या दुकानाची रीत माझ्या आजेसासऱ्यांपासून चालत आलेली. गिऱ्हाईक समोर उभं राहायचं, सासरे टेप लावायचे आणि आकडे बोलायचे, आणि मी ते हातभर अंतरावर बसून चिठ्ठीवर उतरवून घ्यायची. गिऱ्हाईक पायरी उतरलं, की सासरे एक शब्द बोलायचे. तो सगळ्यात शेवटी, आकड्यांच्या खाली. ढोल. बदक. वाकडखांदी. फेंगडा. तो शब्द कापणाऱ्यासाठी. चिठ्ठी टाचणीने कापडाला लागायची आणि कापडाबरोबर हातोहात फिरायची. सासरे तिच्यावरून कापत, हे टिपा मारत, धाकटे भावजी अस्तर बसवत. काजवाली काजं, बटणं आणि खालची हातशिलाई करी. अस्तर बंद व्हायच्या आत ज्याच्या हाती कापड असेल त्याने चिठ्ठी काढून डब्यात टाकायची. इतक्या वर्षांत एकही चिठ्ठी आत राहिली नव्हती.

मोठ्या बाईंच्या कोटाची चिठ्ठी डब्यात नव्हती. शिपाई गेल्यावर मी डबा तीनदा उपसला. त्या चिठ्ठीवर आकड्यांच्या खाली 'कुबड' लिहिलेलं होतं. माझ्या अक्षरात.

*

रविवारी सकाळी नऊलाच सगळे कापायच्या टेबलाभोवती जमले. आमच्या घरात महत्त्वाचं काही ठरायचं ते त्या टेबलाभोवती, स्वयंपाकघरात नाही. सासरे मधोमध, टेप गळ्यात. सुट्टीच्या दिवशीही ती उतरत नसे. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत, घरात सासूबाईसुद्धा.

धाकटे भावजी रात्री शिपायाला गाठून सगळं काढून आले होते. बाईंना पाठीत काहीतरी टोचत होतं. त्यांनी अस्तर उसवलं. टाचणी निघाली, तिच्याबरोबर चिठ्ठी.

"म्हणजे टोचली टाचणी, पण लागली चिठ्ठी," भावजी म्हणाले. कुणी हसलं नाही तसे आपण एकटेच हसले. ते असंच हसत. उंचीने कमी, म्हणून सासऱ्यांनी त्यांना लहानपणापासून टिल्लू केलेलं. दुसऱ्याने हसायच्या आत आपण हसायचं, ही त्यांची युक्ती. ती युक्ती आहे हे मला फार उशिरा कळलं.

"अस्तर कोणी बंद केलं?" सासऱ्यांनी विचारलं.

भावजींचं हसू थांबलं. "मशीनची बाजू मी. पण खालची शिलाई तर हिची." त्यांनी हनुवटीनेच खिडकीकडे दाखवलं.

काजवाली खिडकीत बसून सुयांमध्ये दोरे ओवून ठेवत होती. लहानपणीच कान गेले होते तिचे. माझ्या लग्नाच्या आधीपासून ती त्या स्टुलावर होती. सासरे तिला बहिरट म्हणत, तिच्या समोर, मोठ्यांदा, कारण तिला कुठे ऐकू येतंय.

"मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या. "बाईंना सांगा, कामवालीकडून चूक झाली, तिला काढून टाकलं. वर्षाचे गणवेश आहेत शाळेचे, मास्तर. एक माणूस गेलं तर सगळं घर तरतंय."

"पण तिला वाचता कुठे येतं?" दारातून माझी जाऊ म्हणाली. "चिठ्ठीवर काय आहे ते तिला काय कळणार?"

"तू मध्ये पडू नकोस," भावजी म्हणाले.

"मध्ये कुठे पडतेय, दारातच उभी आहे."

जाऊ दोन वर्षांची नवी सून, पाचवा महिना लागलेला. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिचं नाव काडी ठेवलं, अगदी कौतुकाने. सगळे हसले होते, तीही हसली होती. त्या सकाळी ती दाराच्या चौकटीला टेकून काय विचार करत होती, ते तिने मला पुढे पुष्कळ वर्षांनी सांगितलं. "ताई, मला बाईंचंही काही वाटत नव्हतं आणि काजवालीचंही नाही. मी एवढंच म्हणत होते, की माझ्या पोराला पहिल्या दिवशी हे काय म्हणतील? डोकं मोठं निघालं तर? पाय वाकडा निघाला तर?"

"अरे, पण शब्द म्हणजे काय, खूण असते ती," सासरे टेबलावर बोट आपटत म्हणाले. "डॉक्टर लिहीत नाही? माझे वडील लिहायचे. कापणाऱ्याला एका शब्दात माणूस उभा राहतो डोळ्यांपुढे. आपण काय शिव्या देतो कुणाला?"

हे काहीच बोलले नाहीत. वडिलांसमोर हे बोलतच नसत. शब्द अडायचा, सासरे तो पूर्ण करायचे आणि वर म्हणायचे, "तोतऱ्या, तुझं वाक्य संपेपर्यंत कोट शिवून होतो." चाळिशीला आलेला माणूस. माझ्याशी एकटे असले की चांगले बोलत, गोष्टी सांगत. दुकानात पाय टाकला की दार लागे.

आणि मी? मी चकणी. डाव्या डोळ्यात किंचित फरक आहे माझ्या, अजून आहे. या घरात आले आणि महिन्याभरात मान खाली घालायला शिकले. माझं अक्षर सुरेख झालं ते त्यामुळे. कागदावर डोळे लावून बसलं की ते कुणाला दिसत नाहीत. लोक म्हणत, मास्तरांची सून किती मर्यादशील. मर्यादा कसली, लपणं होतं ते.

तरी खरी लाज आणखी पुढे आहे, आणि इतकं लिहिलं तशी हीही लिहिते. 'कुबड' लिहिताना माझा हात जरासुद्धा अडला नव्हता. उलट असं काहीतरी वाटलं होतं, की चला, हिलाही एक मिळाला.

"ठरलं मग," सासरे म्हणाले. "बहिरटचं नाव सांगायचं. सगळ्यांनी एकच सांगायचं."

मी मान हलवली. हो, मी हलवली.

*

दहाच्या ठोक्याला मोठ्या बाई आल्या. कोट हातावर घडी केलेला. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि पाठीवर मधोमध ती चिठ्ठी ठेवली. आवाज चढवला नाही की नमस्काराला नमस्कार करायला चुकल्या नाहीत. चहा मात्र नको म्हणाल्या.

"अक्षर सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एवढं वळणदार अक्षर माझ्या पाहण्यात फार थोडं आलं. कुणाचं आहे?"

सासऱ्यांनी खिडकीकडे बोट केलं.

"बाई, चूक झाली," सासरे म्हणाले. "ही आमची काजं करणारी. ऐकू येत नाही, समजत नाही. कागद आत राहिला तिच्याकडून. उद्यापासून ती येणार नाही. कोट तसाच ठेवून जा, अस्तर नवं लावून देतो."

बाईंनी त्यांचं पूर्ण ऐकलं. मग त्या खिडकीपाशी गेल्या, काजवालीच्या समोर उजेडात उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंत?"

काजवालीने चिठ्ठीकडे पाहिलं. "मला लिहिता येत नाही, बाई."

"मग कोणी लिहिलं ते माहीत आहे?"

काजवालीने खांदे उडवले आणि सुईत दोरा घालायला घेतला. पंधरा वर्षं ती माझ्यापासून चार हातांवर बसत होती. दिवसाला वीस चिठ्ठ्या लिहिताना ती मला बघत होती. तिचं पोट त्या उत्तरावर होतं. तरी तिने माझ्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. टाकली असती तर बाईंना कळलं असतं.

ती नजर तिने टाकली नाही, याचे उपकार मी अजून फेडते आहे.

"मी लिहिलं," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझं कोपर धरलं. भावजी घाईने म्हणाले, "वहिनींना काय, त्या नुसत्या—"

आणि तेवढ्यात हे उठले. मशीनला धरून उभे राहिले. "श... श..."

"शब्दच ना?" सासरे म्हणाले. "तू बस, तोतऱ्या, मी—"

मोठ्या बाईंनी हात वर केला. वर्गात करतात तसा, तळवा समोर धरून. सासऱ्यांच्या जन्मात त्यांच्यासमोर कुणी असा हात केला नसेल. ते थांबले. सगळेच थांबले. बाई हात तसाच धरून ह्यांच्याकडे बघत राहिल्या. घाई नाही, कीव नाही. एखादा मुलगा उत्तर शोधतो आहे आणि ते त्याला येतं हे आपल्याला माहीत आहे, तशा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला तरी वर्ष वाटलं.

"शब्द बा... बाबांचा," हे म्हणाले. "अक्षर हिचं. टीप मा... माझी. चि... चिठ्ठी मला दिसली होती, वाटलं धाकटा काढेल. अस्तर धा... धाकट्याचं. का... काजवालीची फक्त खालची शिलाई आणि काजं. काजं चांगली झालीत."

हात खाली आला. "धन्यवाद," बाई म्हणाल्या. "आता कळलं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मान वर करून, सगळ्यांदेखत. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता आणि चेहरा असा होता, की मला आमचं लग्न पुन्हा लागल्यासारखं वाटलं. म्हातारपणी असं लिहायला लाज वाटायला हवी, पण नाही वाटत.

सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "बाई, मी तुमचा अपमान करायला लिहिलं नाही. कापायला सोपं जावं म्हणून लिहिलं. धंद्याची खूण आहे ती. रागावलात तर मी माफी मागतो, पण खूण ती खूण."

"रागाचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. "ही पाठ मी जन्मापासून वागवते आहे. तो शब्द काही पहिल्यांदा ऐकला नाही. शाळेत मुलांनी म्हटलाय, एकदा एका अधिकाऱ्यानेही म्हटलाय. मी शुक्रवारी निवृत्त होते आहे, मास्तर. निरोपाच्या भाषणाला उभी राहीन तेव्हा अंगावर एक नीट बसणारा कपडा असावा, एवढीच इच्छा होती. जन्मात एकही नीट बसलेला नाही. म्हणून सगळ्यात चांगल्या शिंप्याकडे आले."

त्यांनी कोट उचलला आणि अंगात घातला. बटणं लावली. आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

कोट बसला नव्हता. उजव्या खांद्यावर सुरकुत्यांचा चोळ पडला होता, मागची खालची कड वर ओढली गेली होती, डावीकडे मात्र कापड मोकळं लोंबत होतं. टाचणीचा काही संबंध नव्हता. मुळात कापणीच चुकली होती.

"तुमची खूण वाचून तुम्हाला माणूस डोळ्यांपुढे दिसतो म्हणालात," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. "कोण दिसलं होतं?"

*

सासऱ्यांच्या मनात त्या वेळी काय झालं, ते त्यांनी मला पुढे सहा वर्षांनी सांगितलं. पाय गेले होते, मी त्यांना उशीला टेकवून बसवत असे. "त्या दिवशी मला लाज शब्दाची वाटली नाही गं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. लाज वाटली ती चोळाची. माझ्या हातचा कोट आणि खांद्यावर चोळ! मग आठवलं, की त्यांच्या पाठीला मी टेप लावलीच नव्हती. छाती घेतली, बाही घेतली, उंची घेतली. पाठीशी आलो आणि हात मागे घेतला. म्हटलं, कुबड आहे, कुबडाला सोडतात तेवढं कापड सोडू. शब्द होता ना हाताशी. माप घ्यायचं काम उरलंच नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "किती कोट असे कापले असतील मी, कुणी परत आणले नाहीत म्हणून कळलं नाही."

पण हे पुढचं. त्या रविवारी ते एवढंच बोलले, "कोट काढून द्या, बाई."

मग गळ्यातली टेप काढली. ती हातात धरून क्षणभर उभे राहिले आणि माझ्यापुढे केली. "तू घे माप. मी लिहितो."

"मी?"

"बघतेस इतकी वर्षं. घे."

मी टेबलाला वळसा घालून बाईंच्या मागे गेले. कधी कुणाला टेप लावली नव्हती मी. "लावू का?" मी विचारलं.

"लावा. मलाही कळू दे एकदा."

मानेच्या मणक्यापासून उजव्या खांद्यापर्यंत. मग डावा. मग मानेपासून कमरेपर्यंत, एकदा मधून, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. पाठीचा उंचवटा उजवीकडे होता, मी समजत होते तेवढा मोठाही नव्हता. तळव्याखाली तो उबदार लागला, कुणाच्याही पाठीसारखा. मी आकडे बोलत गेले आणि पहिल्यांदा माझा आवाज त्या दुकानात भिंतीपर्यंत पोहोचला.

"उजवा खांदा डाव्याहून पाऊण इंच वर. मागची उंची उजवीकडून सव्वा इंच जास्त. पाठ, उंचवट्यावरून, साडेपंधरा."

सासरे लिहीत होते. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मोठे मोठे, ओळ सोडून जाणारे. आकडे संपले. पेन्सिल चिठ्ठीच्या तळाशी येऊन थांबली. सवय ती सवय, जाणार कुठे.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. एवढंच."

त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं. मग पेन्सिल कानावर खोचली. "एवढ्यावर कापता येईल," ते म्हणाले. खरं म्हणजे ते स्वतःशीच बोलत होते.

जाताना बाई दारात थांबल्या. "अक्षर मात्र तुमचंच चालू ठेवा," मला म्हणाल्या. "मास्तरांचं वाचून कुणीतरी तंबू शिवेल." त्यावर पहिले हसले ते भावजी. या खेपेला दुसऱ्यावर नव्हे, स्वतःवरही नव्हे, नुसतेच.

गुरुवारी कोट गेला. शुक्रवारी आम्ही दोघं सभागृहाच्या मागच्या रांगेत बसलो. बाई बोलायला उभ्या राहिल्या, फळ्याकडे वळल्या, पुन्हा समोर वळल्या. कोट त्यांच्याबरोबर वळला. माझा हात ह्यांच्या हातात होता.

सासऱ्यांची जीभ एका दिवसात सुधारली, असं मी सांगणार नाही. तोतऱ्या वर्षभर ऐकू येत होतं, चकणे त्याहून थोडं जास्त. पण चिठ्ठीवर पुन्हा कधी शब्द उतरला नाही, आणि जे लिहायचं नसतं ते बोलायचंही हळूहळू राहून जातं. जावेच्या मुलाचं डोकं खरंच मोठं निघालं. सासऱ्यांनी त्याला हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "टोपीला साडेचौदा इंच लागेल." जाऊ रडायला लागली, सासूबाईंना कळेना हिला झालं काय.

पण त्या रविवारचं एक राहिलं.

बाई गेल्या, माणसं पांगली. मी खिडकीपाशी गेले. काजवाली सुट्टी असूनही बटणं निवडत बसली होती. मी तिच्या समोर खाली बसले, तिला माझं तोंड दिसेल अशी.

"तुझं नाव सांगायचं असं आम्ही सकाळी ठरवलं होतं," मी म्हणाले. "मीही मान हलवली होती. चुकले मी."

"माहितीये," ती म्हणाली. "तुमची सगळ्यांची तोंडं दिसतात की मला इथून. कान गेलेत, डोळे नाही. कोण कुणाला काय म्हणतं, कधीपासून वाचतेय. मास्तर मला काय म्हणतात तेही."

इतकी वर्षं. एकेक शब्द.

"मग त्या बाईंना तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

तिने एक बटण उजेडात धरून पाहिलं, भोकं नीट आहेत का ते तपासलं आणि बाजूला ठेवलं.

"कालपासून तुमच्या तोंडाकडे बघत होते," ती म्हणाली, "कधी उघडतंय ते. मी सांगितलं असतं तर तुमचं राहून गेलं असतं."

आणि माझ्या मांडीवर बटणांचा अर्धा ढीग ओतून म्हणाली, "बसलाच आहात तर चार भोकांची वेगळी काढा."